सैनिकाचा मान क्रिकेटच्या टोपीत नाही

१९०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या क्रिकेट धुरिणांकडे एका तज्ज्ञ डॉक्टरांचा अभिप्राय आला. ऑस्ट्रेलियाविरुद्धची पहिली कसोटी बर्मिंगहॅमला नुकतीच संपली होती आणि केंट परगण्याच्या कॉलिन ब्लाइथ या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने त्या एका सामन्यात ११ बळी घेतले होते. पुढची कसोटी लॉर्ड्सवर होती. डॉक्टरांचे म्हणणे असे की ब्लाइथला तिथे खेळवू नये, कसोटीचा ताण त्याच्या प्रकृतीला झेपणार नाही. ब्लाइथला अपस्मार होता, फिट यायची. लॉर्ड्सला तो खेळला नाही.

पहिल्या महायुद्धात, ८ नोव्हेंबर १९१७ रोजी, हाच माणूस बेल्जियममध्ये पाशेंडेलजवळ लष्करी रेल्वेमार्गाचे काम करताना तोफगोळ्याचे तुकडे लागून मेला. वय ३८, हुद्दा सार्जंट. पाच दिवसांच्या नव्हे, तीन दिवसांच्या सामन्याचा ताण ज्याला सोसणार नाही असे ठरले होते, तो तीन वर्षांहून अधिक काळ गणवेशात होता आणि शेवटी जगातल्या सर्वांत भीषण रणांगणांपैकी एकावर उभा होता.

ब्लाइथबद्दल आज लिहावेसे वाटण्याचे कारण आपल्या घरातले आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपण क्रिकेट आणि लष्कर यांची गाठ फार घट्ट बांधत आणली आहे. क्रिकेटपटूंना मानद लष्करी हुद्दे मिळतात. संघ लष्करी छापाच्या टोप्या घालून मैदानात उतरतो. पाकिस्तानविरुद्धचा सामना म्हणजे लढाई, हे वृत्तवाहिन्यांवर इतक्या वेळा बोलले जाते की ते आता कुणाला खटकतही नाही. यात सैनिकाचा सन्मान आहे असे सांगितले जाते. माझे मत उलटे आहे. या सगळ्यात क्रिकेटपटूला न मिळवलेले तेज मिळते, प्रेक्षकाला न केलेल्या कर्तव्याचे समाधान मिळते आणि सैनिकाच्या पदरात काहीच पडत नाही. ही प्रथा आपण थांबवावी. ब्लाइथचे आयुष्य नीट वाचले तर ती का थांबवावी हे कळते.

त्याचा जन्म ३० मे १८७९ चा, लंडनच्या आग्नेयेकडच्या डेप्टफर्ड या कामगारवस्तीतला. घर मोठे, भावंडे पुष्कळ. शाळा सुटल्यावर तो वूलिच आर्सेनलमध्ये, म्हणजे सरकारी दारूगोळ्याच्या प्रचंड कारखान्यात, फिटरच्या कामाला लागला. १८९७ मध्ये ब्लॅकहीथच्या मैदानावर केंटचा सामना पाहायला गेला असताना सरावासाठी चार चेंडू टाकायची संधी त्याला मिळाली. केंटसाठी होतकरू पोरे हेरणारे कॅप्टन मॅकॅन्लिस तिथे होते. त्यांनी हा डावा हात पाहिला आणि पोराला टॉनब्रिजच्या केंटच्या प्रशिक्षण केंद्रात घेतले. १८९९ मध्ये पहिल्या प्रथम श्रेणी सामन्यात त्याने पहिल्याच चेंडूवर बळी घेतला.

पुढची पंधरा वर्षे तो काय चीज होता हे आकडे सांगतात. प्रथम श्रेणीत २,५०३ बळी, सरासरी १७ च्या आत. १९ कसोटींत बरोबर १०० बळी. १ जून १९०७ रोजी नॉर्थहॅम्प्टनला त्याने एका दिवसात १७ बळी घेतले. पहिल्या डावात ३० धावांत १०, दुसऱ्यात १८ धावांत ७. समोरचा संघ ६० आणि ३९ धावांत गुंडाळला गेला. केंटने १९०६ ते १९१३ या काळात चार वेळा परगण्यांचे अजिंक्यपद जिंकले आणि त्या चारही विजयांच्या पाठीशी हा माणूस होता. धाव छोटी, हात पाठीमागून येणारा, चेंडूला भरपूर उंची. फलंदाज पुढे यावा म्हणून चेंडू हवेत लटकवायचा आणि तो पुढे आला की त्याच हालचालीतून आत शिरणारा वेगवान चेंडू टाकायचा. बिशनसिंग बेदींची गोलंदाजी ज्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. संध्याकाळी तो व्हायोलिन वाजवायचा, आणि नुसता हौशी नव्हे, चांगला वाजवायचा.

१९०७ च्याच जुलै महिन्यातला लीड्सचा कसोटी सामना. पाहुणे दक्षिण आफ्रिकेचे. इंग्लंडचा पहिला डाव ७६ धावांत आटोपला होता. ब्लाइथने ५९ धावांत ८ आणि ४० धावांत ७, असे १५ बळी काढून हरलेला सामना ५३ धावांनी जिंकून दिला. सामना संपला तेव्हा तो पार गळून गेला होता. त्याची गोलंदाजी पाहणाऱ्याला शांत, सहज वाटे. आतून ती त्याला पिळून काढी. या सामन्याकडे नंतरच्या काळातून पाहिले की मन थबकते. समोरच्या संघातला गुगली गोलंदाज रेजी श्वार्ट्झ युद्ध थांबल्यानंतर आठवड्याभरात, १८ नोव्हेंबर १९१८ रोजी, फ्रान्समध्ये इन्फ्लुएन्झाने गेला. त्याचाच सहकारी गॉर्डन व्हाइट त्याच्या आधी महिनाभर गाझामध्ये जखमांनी मेला. पहिल्या महायुद्धात बारा कसोटीपटू मेले. त्यांतले तिघे लीड्सच्या त्या एका सामन्यात एकमेकांविरुद्ध खेळले होते.

ब्लाइथ व्यावसायिक होता, हेही इथे सांगायला हवे. त्या काळच्या इंग्लिश क्रिकेटमध्ये पैसे घेऊन खेळणारा आणि हौशी ‘सभ्य गृहस्थ’ यांच्यात सरळ वर्णभेद होता. ड्रेसिंग रूम वेगळी, मैदानात उतरायचे दार वेगळे, छापील धावफलकावर नाव लिहायची तऱ्हा वेगळी. कप्तान बहुतेक हौशी गटातलाच असायचा. दिवसभर घाम गाळून षटके टाकायची ती व्यावसायिकाने. आपल्याकडे हे चित्र आणखी कडवट होते. ब्लाइथहून तीन वर्षांनी मोठे असलेले बाळू पालवणकर पुण्याच्या लष्करी छावणीच्या आसऱ्याने क्रिकेट शिकले, पारशी क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टीची निगा राखत राहिले आणि पुढे पूना क्लबात चार रुपयांवर गोऱ्या साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकत राहिले. तेही डावखुरे, संथ फिरकीचे. १९११ मध्ये अखिल भारतीय संघाबरोबर ते इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. जात आडवी आली नसती तर ते हिंदू संघाचे कप्तान झाले असते. एकाच उन्हाळ्यात, एकाच देशात, दारूगोळ्याच्या आणि छावणीच्या सावलीत वाढलेले हे दोन कष्टकरी डावे हात गोलंदाजी करत होते, हे मला फार मोलाचे वाटते.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले. मोसम चालू होता, ब्लाइथ भरात होता, त्या वर्षी त्याचे दीडशेच्या वर बळी झाले होते. २७ ऑगस्टला ‘द स्पोर्ट्समन’ या पत्रात इंग्लंडचे थोर क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस यांचे पत्र प्रसिद्ध झाले. परगण्यांचे क्रिकेट बंद करा, अशा काळात धडधाकट माणसांनी रोज खेळत राहणे आणि मौजेखातर लोकांनी बघत बसणे शोभत नाही, क्रिकेटपटूंनी पुढे यावे, असा त्याचा आशय. ग्रेस तेव्हा ६६ वर्षांचे होते. इंग्लंडमध्ये त्यांच्या शब्दाला जे वजन होते त्याची कल्पना आज करणे कठीण आहे.

मोसम बंद करण्यात काही चूक नव्हती. शेजारच्या घरात मयत असताना आपण लाउडस्पीकर लावत नाही, तेवढी साधी जाण त्यात होती. मे २०२५ मध्ये सीमेवर गोळीबार चालू असताना आयपीएल आठवडाभर थांबवले गेले, तेही योग्यच झाले. पण ग्रेस यांच्या पत्रात खेळ थांबवण्यापलीकडची एक गोष्ट होती. जो अजून खेळतो आहे त्याच्या मर्दपणावर, निष्ठेवर बोट ठेवले गेले होते. त्याच दिवसांत साध्या कपड्यातल्या तरुणांच्या हातात रस्त्यावर पांढरी पिसे दिली जात होती, भित्रेपणाची खूण म्हणून. खेळाडू हा लोकांच्या डोळ्यांपुढे असलेला माणूस, म्हणून त्याच्यावरचा दाब सगळ्यांहून जास्त. तो गेला की त्याच्यामागून हजारो जातील, हा भरतीचा हिशेब होता आणि तो उघडपणे मांडला जात होता.

ब्लाइथ ऑगस्टमध्येच भरती झाला. केंटच्या आणखी काही व्यावसायिक खेळाडूंबरोबर तो रॉयल एंजिनिअर्सच्या केंटमधल्या तुकडीत दाखल झाला. अपस्मार असूनही. तो कुणाच्या दडपणाखाली गेला असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. तो आपल्या मनाने गेला आणि त्याच्या निर्णयापुढे मी नतमस्तक आहे. सुरुवातीची वर्षे तो इंग्लंडमध्येच होता. १९१७ मध्ये ईटन या नामांकित शाळेत प्रशिक्षकाची जागा त्याने स्वीकारली होती, युद्ध संपले की तिथे जायचे होते. त्याच वर्षी त्याची रवानगी आघाडीवर झाली, यॉर्कशायरच्या एका पायोनिअर पलटणीत. मुळात खाणकामगारांमधून उभी केलेली ही पलटण. तिचे काम खंदक खणणे, रस्ते बांधणे, तोफगोळ्यांनी उखडलेले रूळ पुन्हा बसवणे.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात येते, जी त्याच्यावरच्या भावुक लेखनात सहसा हरवते. सैन्याला ब्लाइथमधला गोलंदाज नको होता, वूलिचचा फिटर हवा होता. ज्या हातांनी त्याने पंधरा वर्षे चेंडूला उंची दिली, ते हात सैन्यात शिरताना पुन्हा कामगाराचे झाले. त्याच्या २,५०३ बळींचा पाशेंडेलच्या रुळांना उपयोग नव्हता. त्याच्या शेजारी फावडे घेऊन उभ्या असलेल्या खाणकामगाराची आणि त्याची किंमत तिथे सारखी होती, धोका सारखा होता. सैनिक म्हणून त्याचा मान यातच आहे. तो क्रिकेटपटू असण्याशी त्याचा काही संबंध नाही.

आणि तरीही आठवण उरली ती त्याची. कँटरबरीच्या मैदानावर त्याच्या नावाचे स्मारक उभे राहिले. बेल्जियममधल्या ऑक्सफर्ड रोड दफनभूमीत त्याच्या कबरीशी २००९ च्या ॲशेस मालिकेआधी इंग्लंडचा संघ गेला होता आणि कप्तान अँड्र्यू स्ट्राउसने तिथे दगडात कोरलेला चेंडू ठेवला. हे करण्यात वाईट काही नाही, आपल्या पूर्वसूरीला वंदन करणे हा खेळाडूंचा सहजधर्म आहे. पण त्याच दफनभूमीत शेकडो कबरी आहेत आणि त्यांतल्या कित्येकांवर नावदेखील नाही. खेळाच्या प्रसिद्धीने मृत्यूंमध्येही प्रतवारी लावली. इंग्लंडने निदान बाकीच्यांची नावे जिथे सापडली तिथे दगडावर कोरली. आपले काय झाले ते पुढे सांगतो.

क्रिकेट आणि लष्करी हुद्दा यांची आपल्याकडची ओळख जुनी आहे. इंग्लंडकडून खेळलेले रणजितसिंहजी नवानगरचे जामसाहेब होते आणि ब्रिटिशांनी संस्थानिकांना लष्करी हुद्दे वाटले त्यांत त्यांनाही मिळाला. ते फ्रान्सला गेलेही, पण त्यांचा एक डोळा गेला तो १९१५ मध्ये यॉर्कशायरला शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात. साम्राज्याला त्या हुद्द्यांतून संस्थानिकांची निष्ठा आणि संस्थानांतली माणसे-पैसा हवा होता. म्हणजे मानद हुद्दा हा मुळातच शोभेचा आणि राजकारणाचा प्रकार. प्रजासत्ताक भारताने तो का चालू ठेवावा?

आपण तो चालू ठेवला. २००८ मध्ये कपिल देव प्रादेशिक सेनेत लेफ्टनंट कर्नल झाले, २०१० मध्ये सचिन तेंडुलकर हवाई दलात ग्रुप कॅप्टन, २०११ मध्ये महेंद्रसिंह धोनी लेफ्टनंट कर्नल. मार्च २०१९ मध्ये रांचीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारतीय संघ लष्करी छापाच्या टोप्या घालून खेळला. त्याच वर्षी विश्वचषकात धोनीच्या ग्लोव्हवरचे पॅरा कमांडोंचे बलिदान चिन्ह आयसीसीने काढायला लावले आणि त्यावरून आठवडाभर चर्चा रंगली. २०२५ च्या आशिया चषकात भारताने पाकिस्तानला हरवले तेव्हा लष्करी कारवाईचे नाव थेट क्रिकेटच्या निकालाला जोडले गेले, तेही सर्वोच्च पातळीवरून.

यातला प्रत्येक माणूस ढोंगी होता असे मी मुळीच म्हणत नाही. धोनीची लष्कराविषयीची ओढ खरी आहे. त्याने आग्र्याला पॅराशूटच्या उड्या पूर्ण केल्या, काश्मीरमध्ये तुकडीबरोबर जाऊन राहिला. रांचीच्या सामन्याचे मानधन संघाने राष्ट्रीय संरक्षण निधीला दिले, सूर्यकुमार यादवने आपले मानधन सैन्यदलांसाठी आणि पहलगामच्या पीडितांसाठी जाहीर केले. पैसे देणे ही चांगलीच गोष्ट आहे. ज्याला द्यायचे त्याने जरूर द्यावेत.

माझा आक्षेप आहे तो या सगळ्याचा समाजावर जो परिणाम होतो त्याला. पहिला परिणाम भाषेवर. सामन्याला युद्ध म्हटले की युद्ध सामन्याइतके हलके होते. ज्याने कधी गोळीचा आवाज ऐकला नाही तो सोफ्यावर बसून ‘ठोकून काढा’ म्हणतो आणि सामना जिंकला की त्याला वाटते, आपण काहीतरी केले. पाशेंडेलच्या लढाईत जुलै ते नोव्हेंबर या साडेतीन महिन्यांत दोन्ही बाजूंची मिळून लाखो माणसे मेली आणि जखमी झाली. माणसे चिखलात बुडून मेली. ज्याला हे माहीत आहे त्याच्या तोंडून एखाद्या षटकाराला ‘क्षेपणास्त्र’ हा शब्द निघणार नाही.

दुसरा परिणाम खेळाडूंवर. निष्ठेचे जाहीर प्रदर्शन एकदा सुरू झाले की जो ते करत नाही तो संशयित ठरतो. कुणी राष्ट्रगीताला ओठ हलवले नाहीत, कुणी प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर हात ठेवला, कुणाचा झेल सुटला. २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीला ज्या शिव्या खाव्या लागल्या त्या त्याच्या गोलंदाजीला नव्हत्या. १९१४ ची पांढरी पिसे आणि आजचे हे ट्रोल यांच्यात साधन सोडले तर फरक नाही. खेळाडूने चांगले खेळावे, नियमाने खेळावे, कर भरावा आणि माणुसकीने वागावे. याहून अधिक देशभक्ती त्याच्याकडे मागण्याचा आपल्याला काय हक्क?

एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. प्रसिद्ध खेळाडू गणवेशात दिसला की तरुणांना सैन्यात जाण्याची प्रेरणा मिळते, असे म्हणतात. शहरी मध्यमवर्गात काही मुलांना ती मिळतही असेल. पण साताऱ्या-सांगलीच्या, कोल्हापूरच्या, मराठवाड्याच्या गावांतून पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव करणाऱ्या पोरांना प्रेरणेची वानवा नाही. त्यांना भरतीच्या जागा हव्यात, टिकणारी नोकरी हवी, निवृत्तीनंतरची शाश्वती हवी. अग्निपथ योजनेवर त्यांचे म्हणणे काय आहे ते एखाद्या भरती अकादमीबाहेर दहा मिनिटे उभे राहून ऐकावे. क्रिकेटपटूच्या खांद्यावरचे तारे त्या प्रश्नांचे उत्तर नाहीत.

खरोखर सैनिक असलेला क्रिकेटपटू हवा असेल तर तो आपल्याकडे होता आणि तोही पुण्यात जन्मलेला. लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी. २१ कसोटी खेळले. १९५२ मध्ये दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध त्यांनी शेवटच्या गड्यासाठी गुलाम अहमद यांच्याबरोबर १०९ धावांची भागी केली, स्वतः ८१ वर नाबाद राहिले. वेस्ट इंडीजच्या १९५८-५९ च्या भारत दौऱ्यात आपल्या मंडळाने चार कप्तान बदलले, त्यांतले शेवटचे हे. त्या मालिकेतल्या दिल्लीच्या कसोटीत त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या, तीन बळी घेतले आणि सामना अनिर्णित ठेवला. लष्कराच्या नोकरीमुळे त्यांचे कितीतरी क्रिकेट बुडाले. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाचे व्यवस्थापक म्हणून ते इंग्लंडला गेले आणि ओव्हलच्या विजयामागे त्यांच्या शिस्तीचा, क्षेत्ररक्षणाच्या कडक सरावाचा वाटा मोठा होता. पण मैदानावर त्यांनी पलटणीचा बॅज मिरवला नाही. जी नोकरी आपण रोज करतो ती मिरवायची गरज पडत नाही.

दुसरे नाव मुरलीकांत पेटकरांचे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्याने पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधले ते भारताचे पहिले सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. सैनिक आणि खेळाडू या दोन्ही गोष्टी ज्याच्या देहात खऱ्या अर्थाने एक झाल्या होत्या त्याला आपण शेहेचाळीस वर्षे थांबवले, आणि तेवढ्यात तीन क्रिकेटपटूंना हुद्दे देऊन मोकळे झालो. सन्मान कुठून कुठे वाहतो आहे ते यावरून कळावे.

आता नावांबद्दल. पहिल्या महायुद्धात भारतातून सुमारे १३ लाख माणसे परदेशी आघाड्यांवर गेली आणि सुमारे ७४ हजार मेली. आपल्या भागातल्या मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे शरण आलेली फौज ही सहावी पूना डिव्हिजन होती. उपासमारीने खंगलेले ते सैनिक पुढे कैदेत वाळवंट तुडवत गेले आणि पुष्कळ जण वाटेतच संपले. महारांची भरती ब्रिटिशांनी आधी बंद केली होती, ती गरज पडली तशी पुन्हा उघडली, १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत मोडून टाकली.

साताऱ्याच्या अपशिंगे गावातून या युद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे या जुन्या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत एक छोटी संगमरवरी पाटी असते. या गावातून इतकी माणसे १९१४-१९ च्या मोठ्या लढाईस गेली, त्यांपैकी इतकी मरण पावली, एवढाच मजकूर. मोठ्या अक्षरांत आकडा. खाली नाव एकही नाही. कित्येक पाट्या चुन्याखाली, ऑइलपेंटखाली गेल्या आहेत, काहींवर निवडणुकीची पोस्टरे चिकटतात. बसऱ्याच्या स्मारकावरही ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली आणि हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि संख्या आली. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने स्वतःच अहवाल काढून कबूल केले की पहिल्या महायुद्धातल्या किमान ४५ हजार मृतांचे, त्यांत भारतीय आणि आफ्रिकी प्रामुख्याने, स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने केले गेले नाही, आणि लाखाहून अधिकांची नावे कुठेच कोरली गेली नसावीत.

हे काम साम्राज्याचे होते आणि त्याने ते केले नाही. पण १९४७ नंतर आपल्यालाही ते कुणी करू नका असे सांगितले नव्हते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जगातले सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळ आपले आहे. त्याला सैनिकांचा सन्मान करायचा असेल तर लष्करी छापाच्या टोप्या पेटीत ठेवून द्याव्यात, खेळाडूंना हुद्दे देण्याची प्रथा सरकारने बंद करावी आणि त्याऐवजी मंडळाने या पाट्यांसाठी पैसे द्यावेत. एका सामन्याच्या मानधनात एका तालुक्याचे काम होईल. आयोगाच्या नोंदी आता संगणकावर शोधता येतात. मृत शिपायाच्या नावापुढे पुष्कळदा बापाचे नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो. इंग्रजांनी गावांची नावे ऐकीव उच्चाराने लिहिली असल्याने ती ओळखायला स्थानिक माणूस लागतो, आणि ते काम इतिहासाचा शिक्षक आणि नववी-दहावीची मुले उत्तम करतील. उरलेली माहिती घराघरांत आहे. जुन्या पेट्यांत पदके असतात, पेन्शनचे पिवळे कागद असतात, आजीने सांगितलेले एखादे ‘बसऱ्याला गेलेला चुलता’ असे वाक्य असते. ग्रामसभेने यादी वाचून दाखवावी, चुका दुरुस्त कराव्यात, आणि मग आकड्याच्या खाली नावे कोरून घ्यावीत, जातीची क्रमवारी न लावता, वर्णानुक्रमे.